लाकडी आंब्याला नावं कोण ठेवणार?

सावंतवाडीच्या चितारआळीत दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य बहुधा 'अगदी खरं वाटतंय!' हे असावं. दुकानाच्या पायरीवर टोपली असते, टोपलीत केळी, डाळिंबं, सीताफळं, मिरच्या, सगळं लाकडाचं आणि रंगवलेलं. गोव्याला निघालेली गाडी तासाभरासाठी मोती तलावाशी थांबते, माणसं आळीत शिरतात, कुणीतरी लाकडी सफरचंद उचलून खाल्ल्यासारखं करतं, दुसरा फोटो काढतो. मग ते वाक्य येतं.

माझा आक्षेप वाक्याला नाही, ते तिथेच संपतं याला आहे. एखादा सिनेमा बघून 'मस्त होता' एवढंच म्हणणाऱ्याला आपण समीक्षक म्हणत नाही. पण हाताने बनवलेल्या वस्तूसमोर उभे राहिलो की आपण सगळेच तेवढ्यावर थांबतो. जणू हाताने केलंय म्हटल्यावर चांगलं-वाईट विचारणं असभ्यपणाचं आहे. म्हणून या लेखात मी थोडा असभ्यपणा करणार आहे. मी मालवणचा, पोटापाण्यासाठी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. दुसऱ्याचा कोड वाचून त्यात खोट काढणं हे माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि ज्याच्या कोडला कुणीच नावं ठेवत नाही त्याचा कोड हळूहळू बिघडत जातो हे मी पाहिलेलं आहे.

तर आंबा. चितारआळीत मला भेटलेला लाकडी आंबा पिवळा, गालावर लाल, देठाकडे थोडा हिरवा, आणि खाली त्याला छान चोच आहे. आता हापूसला अशी ठसठशीत चोच नसते. चोच पायरीला असते. हापूस खांद्यात भरलेला असतो, खाली गोलसर उतरतो. देवगड ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. म्हणजे समोरचा आंबा हापूस नाही. पायरी म्हणावा तर रंग पायरीचा नाही. तो कॅलेंडरवरचा आंबा आहे, शाळेच्या तक्त्यावर 'आ आंब्याचा' म्हणून असतो तो. सगळ्या देशाला ओळखू येईल असा आणि म्हणून कुठल्याच गावचा नसलेला.

मी दुकानदारकाकांना हे बोलून दाखवलं. ते हसले. "खरा सांगू? हापूस की पायरी, गिऱ्हाईक इचारणा नाय. आंबो दिसलो म्हणजे झाला."

या उत्तरात चूक काही नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून करणारा बघत नाही. त्याच टोपलीत सीताफळ मात्र उत्तम होतं. त्याची खवली एकसारखी कोरलेली नव्हती. देठाजवळ बारीक, पोटावर मोठी, एका बाजूला थोडी दबलेली, जसं फळ फांदीला टेकून वाढलं की होतं. ते करणाऱ्याने कधीतरी सीताफळ हातात घेऊन नीट पाहिलेलं होतं. आंबा करणाऱ्याने दुसरा लाकडी आंबा पाहिला होता. दोन्ही हातानेच केलेले, दोन्ही एकाच टोपलीत, आणि किमतीतही फरक नव्हता. एक निरीक्षणातून आलंय, दुसरं नकलेच्या नकलेतून. खरेदी करणाऱ्याला हा फरक दिसत नसेल तर सीताफळवाल्याने तरी कशाला मेहनत घ्यावी?

मी काजूचं बोंड शोधलं. लाकडात करायला याहून सुंदर फळ नाही: वर रसरशीत पिवळं किंवा लाल बोंड, खाली उलटी टांगल्यासारखी राखाडी बी. रतांबा शोधला. फिरलो त्या दुकानांत दोन्ही दिसले नाहीत. स्ट्रॉबेरी होती.

*

चितारआळी हे नाव चितारी लोकांवरून आलं. चितारी म्हणजे रंगवणारे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने इथे लाकूडकाम आणि लाखेचं काम वाढलं. देव्हारे, पाट, चौरंग, पाळण्यावर टांगायची चिमणाळी, भातुकली, भोवरे असा सगळा घरगुती पसारा. लाखकाम बघण्यासारखं असतं. चरकावर लाकूड गरगर फिरत असतं, त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग तिला घासून चकाकी आणतात. ब्रश लागतच नाही. रंग लाकडावर चढत नाही, त्याच्याशी सोयरीकच जुळते. खेळण्यांसाठी पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरत, हलकं आणि कापायला मऊ. आता आंब्याचंही वापरतात. म्हणजे लाकडी आंबा कधीकधी खरोखरच आंब्याचा असतो, एवढं तरी त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

या चितारी परंपरेचा एक भाग असा आहे की त्याला अजून भरपूर नावं ठेवली जातात. तो म्हणजे गणपती.

कोकणात नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे गणपती दुकानातून 'घेत' नाहीत. गणपतीच्या शाळेत आधी घरचा पाट नेऊन देतात, आणि त्या पाटावर आपली मूर्ती तयार होते. वर्षानुवर्षं तीच शाळा, तोच पाट, बऱ्याचदा तेच रूप. मग श्रावणात घरातलं कुणी ना कुणी येता-जाता शाळेत डोकावतं. सोंड जरा बारीक झाली. पितांबराचा पिवळा गेल्या वर्षी असा नव्हता. पोट कमी केलंत की काय? आणि सगळ्यात अवघड परीक्षा डोळ्यांची. डोळे आखून होईपर्यंत मूर्तिकाराच्या घशाला कोरड असते, कारण चतुर्थीच्या दिवशी मखरात बसलेल्या गणपतीकडे अख्खं घर बघणार आणि वाडीतले आरतीला आलेलेही बघणार. 'यंदा बघत नाय रे आपल्याकडे' असं एखादी आजी म्हणाली की झालं, पुढच्या वर्षी ती तक्रार शाळेत पोहोचतेच.

यातली एकही व्यक्ती स्वतःला कलारसिक म्हणवत नाही. 'हँडमेड' हा शब्दही त्यांच्या बोलण्यात येत नाही. पण लाकडी आंब्याला जे मिळत नाही ते यांच्याकडून मातीच्या मूर्तीला मिळतं: जाणकार, किरकिरं, दरवर्षी परत येणारं गिऱ्हाईक. माझ्या मते कोकणातली सर्वांत कडक कलासमीक्षा दिवाळी अंकांत होत नाही. गणपतीच्या शाळेत, ऑगस्ट महिन्यात, चिखलाच्या चपला बाहेर काढून होते.

*

आता गंजिफा. चितारआळीपेक्षाही याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण नावं ठेवणारा निघून गेल्यावर एका वस्तूचं काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. इराणकडून आलेला खेळ. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, आणि भारतात या खेळाचा सापडणारा हा फार जुना उल्लेख. मोगलांच्या गंजिफात आठ रंग आणि ९६ पानं. (रंग म्हणजे आपल्या पत्त्यांत इस्पिक-बदाम असतात तसे.) खाली दक्षिणेत आणि पूर्वेला येता येता त्याची दशावतारी झाली: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण १२०. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटायचे, गोल कापायचे, रंगवायचे, वर लाखेचा हात.

सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती. छापील पत्ते स्वस्त होते, बावन्न पानांचा कॅट कुठल्याही किराणा दुकानात मिळायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं, नवीन मुलं शिकवली. आज राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून पानं रंगवताना दिसतात, ते या दोघांमुळे. हे काम झालं नसतं तर मला टीका करायलाही काही उरलं नसतं, हे आधी मान्य करून पुढे जातो.

गंजिफावरचं मोठं काम ज्या माणसाने केलं तो रुडॉल्फ फॉन लायडन. मूळचा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ, १९३३ मध्ये मुंबईत आला आणि पुढे टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहू लागला. हुसेन, रझा, आरा यांच्या पिढीच्या पाठीशी उभा राहिलेला हाच माणूस. आधुनिक चित्रांना भिडणारा समीक्षक आयुष्याच्या उत्तरार्धात जुन्या पत्त्यांच्या मागे लागला, आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भारतीय गंजिफांचं प्रदर्शन त्याच्या अभ्यासावर उभं राहिलं. मला यात एक गोष्ट आवडते. त्याने गंजिफाकडे 'लोककला' म्हणून मायेने पाहून सोडून दिलं नाही. कोणत्या गावचं पान, कोणती पद्धत, खेळ कसा खेळत, हे सगळं त्याने विचारलं.

आता चितारआळीत आणि आसपास गंजिफाच्या नावाने काय विकतात ते पाहा. ट्रेवर मत्स्य. घड्याळावर दहा अवतार, बाराच्या जागी काहीतरी ॲडजस्ट करून. फ्रेममध्ये नरसिंह. चहाचा कप ठेवायला वराह. चावीच्या साखळीला, डबीच्या झाकणावर, चौरंगाच्या कडेला, सगळीकडे अवतार आहेत. आणि सगळीकडे फक्त राजे. फार तर कुठे एखादा प्रधान.

म्हणजे १२० पानांमधली दहा पानं बाजारात जिवंत आहेत. आकड्यांची शंभर पानं गायब. पूर्ण संच मिळतो, नाही असं नाही, पण तो काही हजारांचा, पेटीबंद, आणि पेटी उघडून दाखवतानाही वर राजेच लावून ठेवलेले असतात.

चित्र म्हणून कुणी विचारेल, मग बिघडलं काय? राजाच सुंदर असतो ना? मला नाही वाटत. राजाचं पान म्हणजे एक छोटं देवाचं चित्र, मखरात बसलेलं. तसं चित्र आपल्याला हजार ठिकाणी दिसतं. गंजिफाची खरी चित्रकला आकड्यांच्या पानांत आहे. चहाच्या बशीपेक्षाही लहान वर्तुळ, त्यात आठ मासे बसवायचे. चौकोनी पत्त्यात हे सोपं असतं, दोन उभ्या रांगा लावल्या की झालं. वर्तुळाला कोपरे नसतात. मासे कडेने फिरवायचे की मध्ये दोन ठेवून बाकी सहा भोवती? सगळ्यांची तोंडं एकीकडे की निम्म्यांची उलट? सात कासवं कशी बसवली म्हणजे ती सहा किंवा आठ वाटणार नाहीत? परशूचं पान त्याहून अवघड, कारण परशूला लांब दांडा. दांडे मध्याकडे वळवले तर मध्यभागी गर्दी, बाहेर काढले तर पान रिकामं. जुन्या पानांचे फोटो पाहिले की कळतं, प्रत्येक आकड्यासाठी चितारी एक उत्तर शोधत होता, आणि तेही घाईच्या, जाड, आत्मविश्वासाच्या रेघेत. आजच्या संचात रेघ बारीक आणि सुबक आहे. सुबकपणा चांगलाच, पण मी पाहिलेल्या एका संचात सात आणि आठची पानं हातभर अंतरावरून सारखीच दिसत होती. फ्रेममध्ये लावायचं असेल तर याने काहीच बिघडत नाही. खेळताना डाव मोडेल.

इथे खेळाचे नियम थोडे सांगायलाच हवेत, कारण त्यांच्याशिवाय ही चित्रं अर्धीच दिसतात.

साधारण तीन खेळाडू, प्रत्येकाला ४० पानं. हुकूम नाही. ज्या रंगाचं पान पडलं त्यातलं वरचढ पान हात नेतं, आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त हात तो जिंकला. मेंढीकोट खेळणाऱ्याला हे पाच मिनिटांत समजेल. पण गंमत दोन ठिकाणी आहे. पहिली: दहापैकी पाच अवतारांत राजा-प्रधानाच्या खाली दहा सगळ्यात मोठा आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाचांत बरोबर उलटं, तिथे एक्का वरचा आणि दहा तळाला. ज्यांनी कधी सॉर्टिंगचा कोड लिहिलाय त्यांना कळेल की निम्म्या डेटाला चढता आणि निम्म्याला उतरता क्रम लावणं हा डोक्याला ताप आहे, आणि तो मुद्दाम दिलेला आहे. दुसरी गंमत: खेळ दिवसा असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करतो. रात्री असेल तर कृष्णाचा. सूर्य कुठे आहे यावर पहिली चाल ठरवणारा दुसरा पत्त्यांचा खेळ मला माहीत नाही.

शिवाय कुठली पानं खेळून गेली हे लक्षात ठेवल्याशिवाय इथे निभाव लागत नाही. १२० पानांचा हिशेब डोक्यात. म्हणून प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळी, म्हणून आकडा एका नजरेत मोजता यायला हवा. पानाच्या कोपऱ्यात छापलेला अंक नाही, कारण कोपराच नाही. चित्र हाच अंक. सात कासवांत गोंधळ केला तर चितारी खेळाडूंच्या शिव्या खाणार. तो खेळाडू हा गंजिफाचा समीक्षक होता. दाद देणारा तर होताच, पण आधी तक्रार करणारा.

राजवाड्याबाहेर, आळीत, एका रंगवणाऱ्याला मी विचारलं की तुम्हाला खेळता येतं का. त्याच्या हातात ब्रश होता, समोर वामन. "रंगवूक येता. खेळूक नाय येणा," तो म्हणाला. "आज्याक येय."

आजोबांना यायचं, नातवाला नाही. मग नातू ज्या वस्तू रंगवतोय त्या पत्ते आहेत की पत्त्यांची चित्रं? मला हा प्रश्न शब्दच्छल वाटत नाही. पत्ते असतील तर त्यात चूक असू शकते. चित्रं असतील तर 'अगदी खरं वाटतंय' एवढं पुरे.

*

कुडाळजवळ पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिथेही थोड्याफार फरकाने हेच दिसतं, म्हणून लांबण लावत नाही. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा संच. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सांगणारा एकेक चित्र समोर उभं धरतो आणि टाळ, वीणा, हुडुक यांच्या साथीने कथा गातो. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांच्या घराने उभारलेल्या संग्रहालयात चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या एकत्र पाहता येतात. ते बघाच. राहतील तर खेळही बघा, नुसत्या भिंती बघून येऊ नका.

तिथली जुनी चित्रं एकेकटी पाहिली तर अपुरी वाटतात. दोन माणसं समोरासमोर, बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे, एकाचा हात उचललेला. पुढे काय? पुढचं चित्र उलटल्यावर कळेल. ती चित्रं मुद्दाम पुढच्यावर रेललेली आहेत, वेबसीरीजच्या एपिसोडसारखी. आता विकायला जी सुटी चित्रं होतात त्यांना एकटंच उभं राहावं लागतं, म्हणून त्यांत सगळं भरावं लागतं: किनार, फुलं, पूर्ण प्रसंग, गडद रंग. दिवाणखान्याच्या भिंतीला हेच चित्र शोभतं. पण उचललेल्या हाताचं पुढे काय झालं हे विचारणारं पोरगं भिंतीसमोर बसत नाही.

याच्या उलट दशावतारी नाटक बघा. तेच अवतार, तोच जिल्हा. जत्रेच्या रात्री देवळासमोर सुरुवातीला आडदशावतार होतो, काळा शंकासुर येऊन मालवणीत प्रेक्षकांची टर उडवतो, मग आख्यान पहाटेपर्यंत. लिखित संहिता नाही. एखादा राजा संवादात अडखळला की मागच्या रांगेतून आवाज येतोच. कोणी त्याला 'लुप्त होत चाललेली कला' म्हणत नाही, कारण त्याला नावं ठेवायला शेकडो माणसं थंडीत घोंगडी घेऊन बसलेली असतात.

*

'लुप्त होत चाललेली कला' या शब्दांचा मला राग आहे. सावंतवाडीवरची कुठलीही तीस सेकंदांची रील उघडा. तलाव, ड्रोनमधून राजवाडा, ब्रशचा क्लोजअप, मागे बासरी, आणि हे शब्द. लुप्त होतेय म्हटल्यावर बघणाऱ्याची जबाबदारी हळहळण्यापुरतीच उरते. मरणाऱ्या माणसाला कुणी सात आणि आठ सारखे दिसतात म्हणून सुनावत नाही.

सरकारी शिक्के याला पर्याय नाहीत. सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. इथल्या नावावर दुसरीकडचा माल खपवणाऱ्याला निदान कायद्याने विचारता येईल. पण मानांकन वस्तू कुठली हे सांगतं, कशी आहे हे आपण बघायचं. खेळण्यांचंही तसंच. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं, आणि नोंदणीकृत हस्तकारागीर व मानांकन असलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिली गेली. सूट योग्यच होती. दोन माणसांच्या कारखान्याला प्रयोगशाळेचा खर्च झेपला नसता. पण सूट मिळाली याचा दुसरा अर्थ असा, की हे चिमणाळं बाळ तोंडात घालणार आहे, त्यावर लाख आहे की दुसरा कुठला रंग, हे आता विकत घेणाऱ्यानेच विचारायला हवं. मी आळीत तासभर उभा होतो. किंमत सगळ्यांनी विचारली, रंग कुठला हे कुणीच विचारलं नाही.

माझ्या एका मित्राचं यावर म्हणणं असं की पगारदार माणसाने आठ तास लाकूड तासणाऱ्याला चोच कुठे हवी ते शिकवू नये. त्याच्या म्हणण्यात वजन आहे. फळांच्या टोपल्यांवर आळीतली घरं चालतात. शंभर आकड्यांची पानं रंगवायला जे दिवस लागतात त्यात किती फळं होतील याचा हिशेब कारागीर माझ्यापेक्षा चांगला करतो, आणि तो बरोबर करतो. पण नावं ठेवणं म्हणजे घासाघीस करणं नव्हे. घासाघीस करणारा म्हणतो, तुझी वस्तू कमी किमतीची आहे. नावं ठेवणारा म्हणतो, तुला याहून चांगलं येतं. पहिल्याला आळीत तोटा नाही. आणि दुसऱ्याने पूर्ण पैसे मोजूनच बोलावं, हेही ओघाने आलंच.

मी गंजिफाचा पूर्ण संच घेतला. राजवाड्याच्या धाटणीचा महागडा नाही, आळीतल्या त्या वामन रंगवणाऱ्याकडचा, किनारीशिवायचा. गेल्या गणपतीत घरी नेला. आमच्याकडे आरत्या-भजनं झाली की रात्रभर पत्ते असतात. काका, आत्या आणि मी बसलो. पहिला डाव नुसता भांडण्यात गेला, कारण निम्म्या रंगांत एक्का मोठा हे काकांना मान्यच होईना. दुसऱ्या डावापासून रंगत आली. रात्र होती म्हणून कृष्णाने सुरुवात. गोल पानं बावन्न पत्त्यांसारखी हातात पसरत नाहीत, चाळीस तर नाहीच नाही. आत्याने रंगवार गड्डे लावून मांडीखाली ठेवले आणि एकेक काढत राहिली. पहाटे तीनला तिने हिशेब मांडला: कासवाचं सात आणि आठ दिव्याखाली ओळखू येत नाहीत, परशूच्या नऊमध्ये दांड्यांची नुसती मोळी झालीय, आणि दोन रंगांच्या जमिनी इतक्या जवळच्या आहेत की पिवळ्या बल्बखाली एकच वाटतात. चार पानं तिने बाजूला काढून दिली.

त्या चार पानांचे फोटो मी चितारीभाऊंना व्हॉट्सॲपवर पाठवले, आत्याच्या शेऱ्यांसकट. दोन दिवस निळी टिकही आली नाही. गौरीचे दिवस होते, ते शाळेत गणपतींच्या कामात रात्रंदिवस बुडून नुकते मोकळे झाले असणार. तिसऱ्या दिवशी व्हॉइस नोट आली. सात कासवं बदलून देतो, मधलं एक काढून कडेला घेतो, बघूया. परशूचं काय करायचं ते जुनं पान कुणाकडे असेल तर बघून सांगतो. जमिनीचा रंग मात्र तसाच राहणार, आज्याचा तोच होता, तुम्ही बल्ब बदला. आणि मग थोडं थांबून,

"मगे, खेळलास? कोण जिकलो?"